दरवाजा मावळ्यापेक्षा मोठा हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

किनाऱ्यावरच्या काही शाळकरी व महाविद्यालयीन मुलांनी गेम इंजिनमध्ये, म्हणजे संगणकीय खेळ घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभारलेल्या जलदुर्गाची बातमी आपल्या दैनिकात अलीकडेच छायाचित्रासह वाचली. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी वारशातील १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे आपल्याकडचे किल्लेही आहेत. त्यानंतर अशा संगणकीय किल्ल्यांची हौस वाढलेली निदान माझ्या तरी पाहण्यात आली आहे, आणि तिचा मला मनापासून आनंद आहे. तरीही त्या छायाचित्रापाशी मी अडखळलो. तटाच्या पायथ्याशी एक पहारेकरी उभा दाखवला आहे आणि त्याचे डोके तटाच्या एक-तृतीयांश उंचीपर्यंत पोहोचते. पहारेकरी साडेपाच फुटांचा धरला, तर तट सोळा-सतरा फुटांचा होतो. किल्ला सिंधुदुर्ग आहे असे बातमी सांगते, आणि सिंधुदुर्गाचा तट सुमारे ३० फूट उंच व सुमारे १२ फूट रुंद आहे. म्हणजे एक तर तट निम्मा झाला आहे, नाहीतर पहारेकरी दहा फुटांचा आहे, आणि यांतले काय घडले हे त्या मुलांनाही बहुधा माहीत नसावे. त्यांच्या मेहनतीला उणे लेखण्यासाठी हे लिहीत नाही. ही चूक कुठे शिरते हे मला घरातल्या घरात पाहायला मिळाले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी निवृत्त आरेखक आहे. मालवण परिसरातील घरे, गोदामे आणि धक्के यांचे नकाशे काढण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. आमच्या धंद्यात ‘स्केल’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो : टेबलावरची पट्टी म्हणजेही स्केल आणि कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर किती, हे सांगणारे प्रमाण म्हणजेही स्केल. नकाशाच्या कोपऱ्यात ते प्रमाण लिहिले नसेल, तर साहेब कागद न पाहताच परत करीत. माझा पुतण्या गेम बनवायला शिकतो आहे. आमचे वडिलोपार्जित कौलारू घर, पुढचे खळे, मागची पोफळीची बाग आणि समोर समुद्रात किल्ला, असा खेळ त्याला करायचा आहे. गेले वर्षभर मी संध्याकाळी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. त्याला संगणक येतो आणि मला माप येते, एवढ्याच भांडवलावर आमची भागीदारी चालते.

दिवाळीत आपण अंगणात किल्ले करतो. त्या किल्ल्यांवर मातीचा मावळा बुरजाएवढा असतो, वाघ मावळ्याहून मोठा असतो आणि महाराजांचे सिंहासन निम्मा डोंगर अडवते. त्यात काही बिघडत नाही, कारण त्या किल्ल्यात कोणाला शिरायचे नसते. तो बाहेरून, वरून, उकिडवे बसून पाहायचा असतो, आणि कुंभाराकडून ज्या आकाराचा मावळा मिळाला त्या आकाराचा तो उभा राहतो. गेममधल्या किल्ल्यात मात्र माणसाला आत जायचे असते, पायऱ्या चढायच्या असतात, दरवाजातून वाकून निघायचे असते. तिथे मावळा दरवाजापेक्षा मोठा निघाला की खेळच अडतो. आपली मुले अंगणातल्या किल्ल्याची सवय घेऊन संगणकापाशी बसतात आणि डोळ्यांना बरे दिसेपर्यंत वस्तू लहानमोठी करीत राहतात. सगळ्या घोटाळ्याचा उगम इथे आहे.

मुळात संगणकाला मीटर ठाऊक नसतो, फूटही ठाऊक नसतो. त्याला फक्त आकडा कळतो, आणि त्या आकड्याचा अर्थ प्रत्येक प्रणालीने आपापल्या परीने ठरवलेला आहे. युनिटी आणि गोडो या इंजिनांत एक एकक म्हणजे एक मीटर धरतात. अनरीअल इंजिनमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटीमीटर. ब्लेंडर हे मॉडेल घडवायचे मोफत सॉफ्टवेअर मीटरमध्ये चालते, त्याच कामाचे माया हे सॉफ्टवेअर मूळ मांडणीत सेंटीमीटरमध्ये. आणि आमच्यासारखे आरेखक ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घर काढतात ते मिलिमीटरमध्ये. आमच्या घराची दर्शनी बाजू ३० फुटांची आहे, म्हणजे ९.१४४ मीटर. मी पूर्वी काढलेल्या नकाशाच्या फाइलीत तो आकडा ९१४४ असा आहे. पुतण्याने ती फाइल ब्लेंडरमध्ये घेतली तेव्हा पडद्यावर काहीच दिसेना. फाइल बिघडली, असे त्याने जाहीर केले. फाइल शाबूत होती. घर नऊ किलोमीटर लांब झाले होते, मालवणच्या बंदरापासून तारकर्लीपर्यंत जाईल एवढे, आणि आम्ही त्या घराच्या पोटात कुठेतरी उभे राहून घर शोधत होतो. हजाराने भागल्यावर ते जागेवर आले. पुढे तेच घर त्याच्या एका मित्राने ओबीजे स्वरूपाच्या फाइलीतून अनरीअलमध्ये नेले, तर तिथे ते नऊ सेंटीमीटरचे, काडेपेटीच्या दीडपट झाले. एकच घर एकीकडे गाव गिळत होते आणि दुसरीकडे खिशात मावत होते. भिंत मात्र दोन्हीकडे तीच.

फाइलीचे स्वरूप इथे फार महत्त्वाचे ठरते, आणि मुले त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. ओबीजे फाइलीत एककाची सक्तीची नोंदच नाही. ती नुसती आकड्यांची यादी असते, आणि थ्री-डी प्रिंटिंगसाठी वापरतात त्या एसटीएल फाइलीचेही तेच. एफबीएक्स या दुसऱ्या स्वरूपाच्या फाइलीत एक एकक किती सेंटीमीटरांचे आहे हे सांगणारा आकडा असतो, पण तो लिहिणारे सॉफ्टवेअर आणि वाचणारे इंजिन यांचा समज एकच असेल, याची खात्री नाही. ब्लेंडरमधून नेहमीच्या पर्यायांनी काढलेली एफबीएक्स फाइल युनिटीत आणली, तर घर डोळ्यांना बरोबर आकाराचे दिसते, पण त्याच्या स्केलच्या रकान्यात १ ऐवजी १०० हा आकडा बसलेला आढळतो. तो दिसत असूनही कोणी पाहत नाही. पुढे कोडमधून त्या घराखाली एखादा कंदील जोडला की कंदील शंभरपट होतो, आणि मग दोष कंदिलावर जातो. फाइल बाहेर काढताना ‘अप्लाय स्केलिंग्ज’ या रकान्यात ‘एफबीएक्स ऑल’ हा पर्याय निवडला आणि त्याआधी ब्लेंडरमध्येच कंट्रोल व ए दाबून वस्तूचे स्केल १ वर पक्के केले, तर हा प्रसंग येत नाही. या सर्वांत जीएलटीएफ हे स्वरूप मला आमच्या जुन्या साहेबांसारखे वाटते. २०१७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली आणि २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच्या नियमांतच लिहिले आहे की सर्व लांब्या मीटरमध्ये असतील. वादाला जागाच ठेवलेली नाही. शक्य तिथे मुलांनी ते वापरावे, असे मी सुचवीन.

शंभरपट किंवा हजारपट चूक खरे तर निरुपद्रवी असते, कारण ती पहिल्याच क्षणी तोंडावर आपटते. भय आहे ते लहान चुकीचे. इंच आणि सेंटीमीटर यांच्यात २.५४ चा फरक आहे, मीटर आणि फुटात ३.२८ चा, आणि मीटर व वारात तर केवळ नऊ टक्क्यांचा. जुन्या सागरी नकाशांवर पाण्याची खोली वावांत, म्हणजे सहा-सहा फुटांच्या मापात दिलेली असते, हे पुतण्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने ३ हा आकडा तीन मीटर म्हणून घेतला आणि साडेपाच मीटर पाण्याच्या जागी तीन मीटर पाणी भरले. चित्रात ते कोणालाही कळले नसते. समुद्र तर निळाच दिसतो. पण गलबताचा तळ वाळूला लागू लागला, तेव्हा त्याने गलबतच लहान केले. एक चूक झाकायला दुसरी वस्तू मापातून उतरवायची, ही या कामातली फार मोहक वाट आहे.

याचा सर्वांत बोधप्रद नमुना आमच्या माजघराच्या दाराने दाखवला. जुन्या घरांची दारे ठेंगणी असतात, हे कोकणात कोणाला सांगायला नको. आमचे दार साडेपाच फूट उंच आणि अडीच फूट रुंद आहे, आणि पाहुण्यांपैकी निम्म्यांच्या कपाळाला त्याची ओळख आहे. मी फीत लावून मोजलेले ते दार पुतण्याने बिनचूक उतरवले. पण खेळातले पात्र त्यातून जाईना. युनिटीत पात्राला जो अदृश्य साचा मिळतो, तो मूळ मांडणीत दोन मीटर उंच आणि अर्धा मीटर त्रिज्येचा, म्हणजे एक मीटर रुंद असतो. साडेपाच फूट म्हणजे एक मीटर ६८ सेंटीमीटर, अडीच फूट म्हणजे ७६ सेंटीमीटर. त्यातून तो साचा जाणार कसा? मुलाने सोपा मार्ग काढला आणि सगळे घर १.६ पटीने वाढवले. पात्र माजघरात शिरले आणि तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी कळले की तेच पात्र आता खळ्यातून ओटीवर चढत नाही. ओटीची पायरी आठ इंचांची, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर. ती आता साडेबत्तीस सेंटीमीटरची झाली होती, आणि मूळ मांडणीतले पात्र ३० सेंटीमीटरपेक्षा उंच पायरी चढत नाही. मग त्याने पायऱ्या बुटक्या केल्या, त्यामुळे ओटा जमिनीत रुतला, त्यामुळे पडवीचे खांब छपराला टेकेनात. संपूर्ण आठवडा त्यात गेला. मी शेवटी एवढेच विचारले, ‘बाळा, घर मी मोजले. तुझा माणूस कोणी मोजला?’ साचा एक मीटर ६५ सेंटीमीटर उंच आणि ५० सेंटीमीटर रुंद केल्यावर घर जसेच्या तसे, मूळ मापाने वापरता आले.

किल्ल्याबाबतही असेच घडते, फक्त तिथे पात्राच्या उंचीऐवजी वेग दगा देतो. सिंधुदुर्गाच्या तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर आहे. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो, तेव्हा तटावरून पूर्ण फेरी मारायला न थांबता चालले तरी ३५-३६ मिनिटे लागावीत. अनरीअलमध्ये पात्राच्या चालण्याचा मूळ वेग सेकंदाला ६०० सेंटीमीटर, म्हणजे तासाला साडेएकवीस किलोमीटर ठेवलेला असतो. त्या वेगाने तीच फेरी सव्वाआठ मिनिटांत संपते. खेळणाऱ्याला वाटते, एवढासाच किल्ला! आणि करणारा लगेच किल्ला ताणतो. लांबी-रुंदी दहा-दहा टक्क्यांनी वाढवली की क्षेत्रफळ दहा नव्हे, एकवीस टक्क्यांनी वाढते, हे अशा वेळी ध्यानात राहत नाही. ४८ एकरांचा किल्ला ५८ एकरांचा होतो आणि तो ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाच्या बाहेर समुद्रात लोंबकळतो. मग बेटही वाढवावे लागते. वास्तविक बदलायचा होता तो वेगाचा एक आकडा.

आता कोणी म्हणेल, सगळेच सारख्या प्रमाणात वाढले तर कोणाला काय कळणार? कळते, कारण गुरुत्वाकर्षण वाढत नाही. इंजिनात ते सेकंदामागे सेकंदाला ९.८१ मीटर असे बसवलेले असते, आणि अनरीअलमध्ये तेच ९८० सेंटीमीटर. वीस मीटर उंच माडावरून सुटलेला नारळ जमिनीवर यायला दोन सेकंद लागतात. ज्याच्या परसात माड आहेत त्याच्या अंगात हे दोन सेकंद मुरलेले असतात : झावळीत खसखस ऐकू येते, मान वर जाते, पाय आपोआप बाजूला होतात, आणि धप्प. हाच माड चुकून एकदशांश आकाराचा आणला आणि कॅमेरा जवळ नेऊन तो मोठा भासवला, तर नारळ दोन-तृतीयांश सेकंदाच्या आतच खाली पडतो आणि खेळण्यातला वाटतो. शंभरपट माडावरून तो वीस सेकंद तरंगत येतो. उंची शंभरपट झाली की वेळ दहापट होतो, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. लाटांचेही असेच आहे. लहानग्या लाटेची लगबग वेगळी आणि खोल समुद्रातल्या मोठ्या लाटेची सावकाशी वेगळी. पूर्वी सिनेमात छोट्या प्रतिकृतींची गलबते बुडवीत, तेव्हा चित्रण जलद गतीने करून नंतर ते संथ दाखवीत, ते याचसाठी. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे गणित मांडता येणार नाही, पण खोटी लाट त्याला एका नजरेत ओळखता येते.

भिंतीवर चढवायच्या पोताचे, म्हणजे टेक्स्चरचे, माप हा आणखी एक दुर्लक्षित भाग. आपल्याकडची घरे आणि गडगे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे. चिऱ्याची लांबी खाणीगणिक थोडी बदलते, पण ती फूट-सव्वा फुटाच्या आसपास असते, आणि एवढ्या वर्षांच्या सवयीने आपण भिंतीची उंची चिऱ्यांचे थर मोजून सांगतो. संगणकात भिंत अचूक दहा फुटांची असली, पण तिच्यावर चिऱ्याचे चित्र असे ताणले की अख्ख्या उंचीत पाचच थर बसले, तर ती भिंत पाहणाऱ्याच्या मनात ठेंगणी होते. उलट तिच्यावर चाळीस थर भरले तर ती किल्ल्याचा तट वाटू लागते. कौलांचेही तसेच. पुतण्याच्या पहिल्या घरावरची कौले परातीएवढी होती, म्हणून ते घर, माप बरोबर असूनही, गुरांच्या गोठ्याएवढे दिसत होते. आकडे तपासून झाल्यावर ज्या वस्तूवरून माणूस नकळत माप घेतो, ती वस्तू तपासावी : चिरा, कौल, पायरी, कडी, तुळशीवृंदावन.

डोळ्यांवर चढवायच्या आभासी वास्तवाच्या (व्हीआर) चष्म्यात तर यातले काहीच लपत नाही. जवळच्या एका शहरातील प्रदर्शनात मी असा किल्ला पाहिला. आयोजकांचे नाव घेण्याचे कारण नाही, मंडळी उत्साही आणि अगत्यशील होती. चष्मा लावताच मी तीन फुटांचा झालो. पायरी गुडघ्याच्या वर येत होती आणि तोफेच्या तोंडात मी स्वतः मावलो असतो. चष्म्यातली दोन चित्रे आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराने, म्हणजे साधारण ६३ मिलिमीटरने, वेगळी काढलेली असतात आणि त्या फरकावरून मेंदू प्रत्येक वस्तूचे माप स्वतः काढतो. त्यामुळे सपाट पडद्यावर खपून गेलेली दुप्पट चूक तिथे पायाखाली येते. मी हे सांगितले तेव्हा तिथल्या तरुणाने ‘काका, भव्य वाटावे म्हणून’ असे उत्तर दिले. माझ्या मते सिंधुदुर्गाला त्याची गरज नाही. त्याचे महाद्वार बुरजांच्या वळणात असे दडवले आहे की समुद्रावरून येणाऱ्याला ते दिसतच नाही. ती करामत तटाची उंची, बुरजाचा फुगवटा आणि मधल्या वाटेची रुंदी यांच्या खऱ्या प्रमाणात आहे. वाट दुप्पट रुंद केली की दरवाजा लांबूनच दिसू लागतो, आणि १६६४ साली ज्यांनी ती जागा आखायला घेतली त्यांची सारी अक्कल वाया जाते.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. व्यावसायिक गेम करणारे लोक दारे आणि खोल्या मुद्दाम मोठ्या करतात, कारण कॅमेरा पात्राच्या मागे काही फुटांवर तरंगत असतो आणि खऱ्या मापाच्या माजघरात तो भिंतीत घुसतो. हा निर्णय असतो, आणि तो खरे माप ठाऊक असल्यावर घेतलेला असतो. आमचे मूर्तिकारही उंचावर बसवायच्या मूर्तीचे डोके थोडे मोठे ठेवतात. ज्याने खरे माप फाइलीत जपून ठेवले आहे, त्याने खेळासाठी ते खुशाल सोडावे. आमच्या घराच्या आता दोन फाइली आहेत : एक मोजणीची, जिला हात लावायचा नाही, आणि दुसरी खेळाची, जिच्यात काय किती वाढवले याची नोंद आहे.

आणि काही ठिकाणी ‘डोळ्यांना बरे दिसेल ते’ हा नियम आपल्याला सरळ फसवतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कोरलेली कातळशिल्पे २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. अनेक बाजूंनी घेतलेल्या छायाचित्रांवरून संगणकात मॉडेल तयार करण्याची पद्धत आता बरीच सुलभ झाली आहे, परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव आहे : छायाचित्रांवरून आकार मिळतो, माप मिळत नाही. निव्वळ फोटोंवरून झालेला हत्ती एक मीटरचा आहे की शंभर मीटरचा, हे त्या मॉडेलमध्ये कुठेच नसते. अशा वेळी शहाणा मुलगा काय करील? खरा हत्ती खांद्यापाशी पावणेतीन-तीन मीटर उंच असतो, हे आठवून तो कातळावरचा हत्तीही तेवढाच करील. आणि ज्याने तो कोरला त्याने हत्ती हत्तीपेक्षा कितीतरी मोठा कोरला, ही त्या शिल्पातली सर्वांत विस्मयकारक गोष्ट त्या क्षणी पुसली जाईल. त्यावर उपाय दोन रुपयांचाही नाही. फोटो काढताना शिल्पाशेजारी, शिल्पाला किंवा त्याच्या रेघांना न लावता, लांबी माहीत असलेली काठी ठेवावी, अथवा जागेवरच्या दोन ठळक बिंदूंमधले अंतर फितीने मोजून वहीत लिहावे. मॉडेलमध्ये त्याच दोन बिंदूंमधले अंतर मोजायचे, प्रत्यक्षातल्या अंतराला त्याने भागायचे, आणि येईल त्या आकड्याने सगळ्या मॉडेलला एकदाच आणि तिन्ही दिशांनी सारखे गुणायचे. तिन्ही दिशांनी सारखे, हे मुद्दाम लिहितो, कारण केवळ उंची ताणून वेळ मारून नेण्याची सवय मुलांना लागते आणि मग गोल बुरूज अंड्यासारखे होतात.

पुतण्याच्या प्रत्येक प्रकल्पात आता सुरुवातीलाच एक साधा ठोकळा उभा असतो, एक मीटर ७० सेंटीमीटर उंच, नाक ना डोळे. त्याला आम्ही मावळा म्हणतो. कोणतीही वस्तू आत आणली की आधी ती मावळ्याशेजारी ठेवायची, तिची लांबी-रुंदी आकड्यांत वाचायची, स्केलचा रकाना १ आहे का ते पाहायचे, आणि मगच रंगरंगोटी. एखादी वस्तू चुकलेली आढळली तर इंजिनात ओढून जुळवायची नाही. मूळ फाइलीत परत जाऊन तिथे दुरुस्त करायची. नाहीतर ती वस्तू पुन्हा आणली की चूक पुन्हा येते. एवढ्या शिस्तीने आमचे निम्मे भांडण मिटले. उरलेले निम्मे पोफळींच्या संख्येवरून आहे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. पहिली, दिवाळीत किंवा शिवजयंतीला संगणकीय किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि शाळांना. प्रवेशिकेवर किल्ल्याच्या नावाबरोबर तीन मापे मागावीत : तटाची उंची, मुख्य दरवाजाची रुंदी आणि चालत्या पात्राची उंची. ही मापे कोठून मिळाली तेही विचारावे, आणि किल्ल्यावर जाऊन फीत धरणाऱ्या मुलांना त्याचे गुण द्यावेत. स्मारकावर खडूच्या खुणा मात्र कोणी करू नयेत. दुसरी विनंती आपल्याला. अशा मॉडेलचे किंवा कातळशिल्पाचे छायाचित्र छापताना त्याच्या ओळीत एक माप अवश्य द्यावे, आणि शिल्पाचे छायाचित्र मागवताना शेजारी मापाची काठी ठेवूनच ते काढावे, असे आपल्या वार्ताहरांना कळवावे. ज्या मुलांची बातमी आपण छापली त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचवता आला, तर त्यांना सांगावे की माझ्याकडे ३० मीटरची फीत आहे, आणि पावसाळ्यानंतर होड्या सुरू झाल्या की मी त्यांच्याबरोबर तटावर यायला तयार आहे. फितीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागतेच.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक
मालवण, जि. सिंधुदुर्ग